नोटेवर फोटो हवा, पण वर्गात 'रुपयाचा प्रश्न' कधी येणार?

एप्रिल महिना आला की दोन वाक्ये मोबाईलवर फिरू लागतात. पहिले, "रिझर्व्ह बँकेचे जनक बाबासाहेब". दुसरे, "भारताच्या नोटेवर बाबासाहेबांचा फोटो आलाच पाहिजे". या मागणीशी आमचे भांडण नाही. पण ही वाक्ये पुढे पाठवणाऱ्या तरुणाला विचारा, "बाबासाहेबांचे रुपयाबद्दल म्हणणे नेमके काय होते?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. यात त्या तरुणाचा दोष नाही, कारण त्याला ते कोणी शिकवलेले नाही. शाळेत बाबासाहेब भेटतात ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात, संविधानाच्या धड्यात. अर्थशास्त्राच्या तासाला आणि जागतिक राजकारणाच्या धड्यात त्यांची खुर्ची रिकामी असते.

ही खुर्ची रिकामी राहण्याची किंमत आपण मोजतो. आपली मुले कॉमर्सला जातात, स्पर्धा परीक्षेसाठी अर्थशास्त्राच्या नोट्स पाठ करतात आणि हा विषय दुसऱ्यांचा आहे असे समजून बाहेर पडतात. समोरचा एक साधा उलट प्रश्न विचारतो आणि आपला कार्यकर्ता गप्प होतो. म्हणून आम्ही म्हणतो की विहारातल्या अभ्यासवर्गात, वस्तीतल्या अभ्यासिकेत अर्थशास्त्र आणि जागतिक राजकारण शिकवण्याचे साहित्य आपणच तयार केले पाहिजे. त्यासाठी लागणारा कच्चा माल बाबासाहेबांनी आधीच लिहून ठेवला आहे.

प्राध्यापक आंबेडकर

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे शिक्षक होते, हे आपण विसरतो. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि अर्थकारणावर प्रबंध लिहिला. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्याने ऐकायला इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही येऊन बसत. आणि त्याच महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यावे, याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ज्ञान चालत होते, पाणी चालत नव्हते. पुढे पगारातून शिल्लक टाकून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी डी.एस्सी. मिळवली. 'रुपयाचा प्रश्न' हा त्या पदवीचा प्रबंध.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात हे अर्थशास्त्रीय लेखन आहे. अनेक विहारांच्या कपाटात हा खंड आहे. त्यावर हार चढतो, पाने मात्र उलटली जात नाहीत. ती उलटायची कशी, हे पुढे मांडतो.

पहिला पाठ : टाचणी आणि जात

अर्थशास्त्राचे कोणतेही पुस्तक श्रमविभागणी शिकवताना अ‍ॅडम स्मिथचा टाचणीचा कारखाना सांगते. स्मिथने १७७६ साली लिहिले की एकटा माणूस दिवसात वीस टाचण्याही करू शकणार नाही, पण काम वाटून घेतले तर दहा माणसे दिवसाला ४८ हजार टाचण्या करतात. मुलांना हे पटते. आपल्या देशात जातीचे समर्थन करणारे लोकही हेच उदाहरण पुढे करतात आणि म्हणतात, जात म्हणजे श्रमविभागणीच.

इथे दुसरे पान उघडावे, १९३६ सालच्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन'चे. बाबासाहेब तिथे दाखवतात की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक पायऱ्या रचलेली. टाचणीच्या कारखान्यातला माणूस तार ओढायचे काम सोडून टोक काढायचे काम घेऊ शकतो. गटारात उतरणाऱ्याला जातीने ती मुभा ठेवली नाही. जन्माने ठरलेले काम बदलता आले नाही, तर एका धंद्यात माणसे रिकामी आणि दुसऱ्या धंद्यात माणसांची टंचाई, असे होते. म्हणजे जातीमुळे बेकारीही वाढते. दोन्ही उतारे शेजारी ठेवा आणि मुलांना आपल्या वस्तीतल्या दहा घरांचे तीन पिढ्यांचे व्यवसाय लिहून आणायला सांगा. पुढचा धडा त्या तक्त्यातूनच सुरू होईल.

दुसरा पाठ : रुपया

हा पाठ सगळ्यात मोठा आहे आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही. इतिहास थोडक्यात असा. १८३५ पासून ब्रिटिश भारतात चांदीचा रुपया चालत होता. १८७० नंतर जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले, चांदीचा भाव घसरला आणि रुपयाही घसरला. दोन शिलिंगांचा रुपया उतरत उतरत एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. फळ्यावर हिशोब मांडा. पौंडात २० शिलिंग, म्हणजे २४० पेन्स. रुपया दोन शिलिंगांचा असताना एक पौंड भरायला १० रुपये लागत. रुपया १६ पेन्सचा झाल्यावर त्याच एका पौंडाला १५ रुपये लागू लागले. निवृत्तिवेतने, कर्जावरचे व्याज आणि लंडनच्या कार्यालयाचा खर्च सरकारला पौंडातच भागवावा लागे. हे जादाचे पाच रुपये येणार कुठून? रयतेकडूनच. विनिमय दर म्हणजे काय, हे मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

१८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. आता रुपया पाडायचा अधिकार फक्त सरकारच्या हाती आला आणि पुढे दर १६ पेन्सवर बांधला गेला. या पद्धतीला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स या अर्थतज्ज्ञाने १९१३ सालच्या आपल्या पुस्तकात तिची बाजू उचलून धरली. दहा वर्षांनी बत्तीस वर्षांच्या आंबेडकरांनी ती खोडून काढली. त्यांचा आक्षेप साधा होता. या पद्धतीत सरकारने किती रुपये काढावेत याला मर्यादाच नाही. रुपये वाढले की भाव वाढतात आणि भाव वाढले की मार बसतो तो रोजंदारीवर जगणाऱ्याला. रुपया पौंडापुढे किती स्थिर आहे यापेक्षा बाजारात त्या रुपयाला काय मिळते, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते.

हे नाक्यावरच्या भाषेत सांगा. समजा मजुराचा रोज ५०० रुपये आहे आणि डाळ १०० रुपये किलो आहे. दिवसाच्या मजुरीत पाच किलो डाळ येते. डाळ १२५ रुपये झाली की चार किलो येते. हातात पडणारे पैसे तेवढेच राहिले, तरी मजुरी एक पंचमांशाने कापली गेली. मालकाने कापली असती तर संप झाला असता. महागाईने कापली म्हणून कोणी ओरडले नाही.

पुढचा प्रश्न विचारा : रुपया घसरला तर फायदा कोणाचा? समजा डॉलर ८० रुपयांवरून ९० रुपयांवर गेला. हजार डॉलरचा माल बाहेर पाठवणाऱ्याला ८० हजारांऐवजी ९० हजार मिळाले. आणि परदेशातून येणारे खाद्यतेल घेणाऱ्या बाईला? तिला त्याच तेलाला जास्त पैसे मोजावे लागले. घसरत्या रुपयाने देशाचा फायदा होतो असे व्यापारी तेव्हाही म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, देश म्हणजे कोण? एका वर्गाचा तो फायदा दुसऱ्या वर्गाच्या, म्हणजे मजुराच्या ताटातून आलेला असतो. शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या वर्तमानपत्राच्या व्यापार-पानावर तसाच उभा आहे.

आता रिझर्व्ह बँकेचे वाक्य. १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्यांची योजना अशी होती : रुपये पाडणे पूर्ण थांबवा, सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडा, दोहोंचे प्रमाण ठरवून द्या, पण रुपयाच्या बदल्यात सोने देण्याची हमी ठेवू नका. १९२६ साली आयोगाने रुपया १८ पेन्सचा करायला आणि मध्यवर्ती बँक काढायला सांगितले. सोन्याचे नाणे मात्र त्याने नाकारले आणि सोन्याच्या लगडींवर आधारलेले परिमाण सुचवले. पुढे १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. म्हणजे ज्या चर्चेतून बँक जन्मली त्या चर्चेत बाबासाहेबांचा आवाज होता, हे पक्के. त्यांनी सुचवलेली चलनव्यवस्था जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही, हेही पक्के. हे खरे सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. "जनक" म्हणून मोकळे झालो तर मात्र त्यांचा युक्तिवाद कायमचा झाकला जातो. पुतळा करायला एक वाक्य पुरते, विद्यार्थी घडवायला युक्तिवाद लागतो.

तिसरा पाठ : शेत आणि तास

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत होते, तुकडे जोडून शेत मोठे करा. बाबासाहेब म्हणाले, शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. त्यावर भांडवल, अवजारे आणि माणसे किती, यावर ते ठरते. जमिनीवर रिकाम्या हातांची गर्दी आहे, तिला उद्योगात काम द्या, शेतीचे दुखणे त्याने हलके होईल. दोन एकरांवर सहा माणसे राबणारे घर आपल्या प्रत्येक गावात आहे. गावाकडून आलेल्या मुलाला हा लेख लगेच कळतो.

त्याला जोडून कामाच्या तासांचा इतिहास घ्या. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पहिलाच करार केला, दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास. त्याच करारात ब्रिटिश भारतासाठी वेगळे कलम होते, आठवड्याला ६० तास. भारतात हे ६० तास १९२२ च्या कायद्याने आले, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ झाले. ४८ व्हायला १९४६ ची दुरुस्ती यावी लागली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ६०, ५४, ४८ हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा : युरोपातल्या मजुराचे शरीर आणि मुंबईच्या गिरणीतल्या मजुराचे शरीर वेगळे होते का? वसाहत म्हणजे काय, हे मुलांना या एका प्रश्नातून समजेल.

चौथा पाठ : जगाच्या दारात

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. तिकडच्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते. त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच दारात नेण्याचा विचार चालू होता. डु बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरील वंशभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत उपस्थित केला. पुढे २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला, तेव्हा भारत सरकारने त्याला विरोध केला. सार्वभौमत्व आणि मानवी हक्क यांच्यातली ओढाताण शिकवायला याहून जवळचे उदाहरण कुठे मिळेल?

परराष्ट्र धोरणाचा संबंध चुलीशी असतो, हेही बाबासाहेबांनी आकड्यांत दाखवले. १९५१ साली मंत्रिमंडळ सोडताना केलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की वर्षाच्या सुमारे ३५० कोटी महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, आणि याचे कारण त्यांनी परराष्ट्र धोरणात शोधले. मुलांना टक्केवारी काढायला सांगा. निम्म्याहून अधिक येते. मग उरलेल्यात शाळा किती, दवाखाने किती, ही चर्चा आपोआप सुरू होते. २६ ऑगस्ट १९५४ च्या राज्यसभेतल्या भाषणात त्यांनी पंचशील आणि तिबेटबाबतच्या धोरणावर टीका केली. ती टीका मान्य करा किंवा खोडून काढा, पण मूळ भाषण वाचून.

भक्ती नको, प्रश्न हवा

एक अडचण समोर येईल आणि ती आलीच पाहिजे. चलन सरकारच्या हाती मोकळे सोडू नका, असे १९२३ साली म्हणणारे बाबासाहेब १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करा म्हणतात. हा विरोध आहे का? हा प्रश्न वर्गात वादाला ठेवा. आमचे उत्तर असे : दोन्हीकडे त्यांना सत्तेच्या हाताला बांध हवा आहे. रुपये किती काढायचे ते सरकारच्या मर्जीवर नको. राज्य समाजवादही बहुमताच्या मर्जीवर नको, तो संविधानातच लिहा, म्हणजे उद्याचे बहुमत तो पुसणार नाही. एखादी मुलगी वेगळे उत्तर घेऊन उभी राहिली तर तिला बसवू नका. तिला फळ्यापाशी बोलवा.

यासाठी मोठा निधी लागत नाही. सहावा आणि पहिला खंड, चार पानांच्या झेरॉक्स, फळा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एवढे पुरते. प्रत्येक पाठाला एक मूळ उतारा, एक हिशोब आणि वस्तीतून शोधून आणायची एक माहिती, एवढे पाळा. उतारा इंग्रजीत असेल तर मराठी करून घ्या, आपल्या पदवीधरांनी एवढे तरी केले पाहिजे.

नोटेवर फोटो येईल तेव्हा येईल. तोवर त्या नोटेची किंमत कोण ठरवतो, ती घटली तर कोणाच्या ताटातली डाळ कमी होते, हे सांगू शकणारी दहा मुले प्रत्येक वस्तीत तयार करू. 'शिका' या शब्दात हेही येते.

जय भीम!