खासगी वित्तपुरवठा (सार्वजनिक सुविधांचा)

शाळा, रुग्णालये, रस्ते यांसाठी खासगी कंपनीने भांडवल उभारायचे, बांधकाम करायचे आणि तो खर्च व्याज-नफ्यासह पुढील वीस-तीस वर्षांत शासनाकडून किंवा वापरणाऱ्यांकडून वसूल करायचा, अशी पद्धत. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ (बीओटी) हा तिचा महाराष्ट्रातील परिचित प्रकार.

वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, येथून अमरावतीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण याच मार्गाने झाले. सुमारे ६७ किमी. रस्त्याच्या टोलवसुलीचा व देखभालीचा करार सप्टेंबर २०१० पासून २२ वर्षांचा आहे. २०१७ मध्ये शेअर बाजारात आलेल्या आयआरबी इनव्हिट फंडाच्या पहिल्या सहा प्रकल्पांत तो होता.

रस्त्यावरचा टोल निदान वाहनचालकाला दिसतो. शाळा-रुग्णालयांचे वार्षिक शुल्क मात्र अंदाजपत्रकातून परस्पर जाते. ब्रिटनने ही पद्धत १९९२ मध्ये सुरू केली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालानुसार सातशेहून अधिक प्रकल्पांचे भांडवली मूल्य सुमारे ६० अब्ज पौंड होते. २०४० च्या दशकापर्यंतचे देणे १९९ अब्ज पौंड. त्यात देखभाल व सेवाही धरल्या आहेत. तरी शासनापेक्षा महाग दराने घेतलेले कर्ज आणि भागधारकांचा परतावा यांचा भार मोठाच. लिव्हरपूलची पार्कलँड्स शाळा २०१४ मध्ये बंद झाली. वर्गात मूल नव्हते, तरी महापालिकेला हप्ते भरावेच लागले. २०१८ मध्ये ब्रिटनने असे नवे करार थांबवले.

करार मोडणे किंवा बदलणेही महाग पडते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये १२ टोलनाके बंद केले व ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली, तेव्हा कंत्राटदारांची भरपाई सरकारी तिजोरीवर आली. जोखीमही पूर्णपणे खासगी भागीदाराकडे जात नाही. मुंबई महापालिकेच्या जमिनीवर, २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी राखण्याच्या अटीवर उभे राहिलेले अंधेरीचे सेव्हन हिल्स रुग्णालय २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत अडकले; २०२० च्या कोविडसाथीत ते पालिकेलाच चालवावे लागले.

या पद्धतीने आज इमारत मिळते, पण तिचे देणे पुढच्या पिढीच्या नावावर चढते. म्हणून संपूर्ण मुदतीचा एकूण खर्च आणि शासनाने स्वतः कर्ज काढल्यास येणारा खर्च, हे दोन्ही आकडे सहीपूर्वी लोकांसमोर ठेवणे ही अशा प्रत्येक कराराची पहिली अट असली पाहिजे.