पडवीतले मूल आणि लोकल बोर्ड

एम. ए.च्या वर्गात दलित आत्मकथने शिकवताना एक दृश्य वारंवार समोर येते. शाळा भरलेली आहे, मास्तर आत शिकवीत आहेत आणि एक मूल पडवीत किंवा दाराशी वेगळे बसून ऐकते आहे. आपण अध्यापक मंडळी या दृश्याची चर्चा बहुधा वेदना, विद्रोह आणि नकार या संज्ञांच्या आधारे करतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने वेगळाच प्रश्न केला : "सर, त्या मास्तरांना जाब विचारणारे कुणीच नव्हते का? शाळा होती तरी कुणाच्या ताब्यात?" तासापुरते मी काहीतरी उत्तर दिले, पण प्रश्न मनातून गेला नाही. त्या पडवीलाही एक प्रशासकीय इतिहास आहे आणि तो जाणून घेतल्याविना आपले वाचन अपुरे राहते, असे आता वाटते. मुंबई इलाख्यातील या इतिहासाचे काही टप्पे येथे मांडतो.

प्रारंभ १८५६ सालापासून करावा लागेल. त्या वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने तत्त्वतः त्याचे म्हणणे न्याय्य असल्याचे मान्य केले; परंतु एका-दोघांसाठी शतकानुशतकांच्या समजुतींना धक्का देणे उचित नाही, असे म्हणून अर्ज नाकारला. लंडनच्या संचालक मंडळाने १८५८ साली याउलट निर्वाळा दिला : सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. तत्त्व लंडनमध्ये ठरले आणि दार धारवाडात बंद राहिले. पुढील पाऊणशे वर्षांच्या कथेचे बीज या एका प्रकरणात सापडते.

१८८२ साली हंटर आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. महार-मांगांची मुले उच्चवर्णीयांच्या मुलांशेजारी बसू शकत नसल्यामुळे शाळेबाहेरच राहतात, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. संबंध पुण्यात पाच हजारांहून अधिक वस्तीसाठी अशी एकच खास शाळा आणि तिच्यात तीसपेक्षाही कमी मुले, हा त्यांनी दिलेला हिशेब आजही वाचकाला अस्वस्थ करतो. मुले मोजून दाखविणे हीदेखील एक प्रकारची देखरेखच होती, आणि ती अधिकारपदावर नसलेला एक माणूस करीत होता.

आयोगाने दोन गोष्टी केल्या. जातीच्या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारू नये हे तत्त्व त्याने पुन्हा उच्चारले, परंतु ते योग्य त्या सावधगिरीने लागू करावे अशी पुस्ती जोडली. दुसरी गोष्ट म्हणजे प्राथमिक शिक्षणाचा कारभार नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्याकडे सोपवावा, अशी शिफारस केली. त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे सारे लोकशाहीची पहिली पायरी म्हणून येते, आणि तसे ते होतेही. तथापि या बोर्डांवर बसणारी मंडळी मालमत्ता आणि करभरणा यांच्या निकषावर निवडली जात किंवा सरकारनियुक्त असत. म्हणजे ज्या गावकऱ्यांनी मुलाला पडवीत बसविले, त्यांचेच प्रतिष्ठित प्रतिनिधी आता शाळेवर देखरेख करणार होते. आयोगाची ती सावधगिरी नेमकी त्यांच्या हाती पडली. १८९०च्या दशकाच्या मध्यास गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त लष्करी सेवकाची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा इतर सभासदांना त्यांच्यासमवेत बसणे रुचले नाही. पडवीची रीत बोर्डाच्या सभागृहापर्यंत पोचलेली होती.

सक्तीच्या शिक्षणाची चळवळही याच वाटेने गेली. गोखल्यांच्या १९११ च्या विधेयकात सक्ती करण्याचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोपविला होता. ते विधेयकही १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला. पुढे १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. याउलट कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. तेथे कोणत्याही बोर्डाचे मत घेतलेले नव्हते. संस्थानिकाच्या हुकमाने जे घडले ते निर्वाचित संस्थांकडून घडत नव्हते, ही विसंगती लोकशाहीवादी वाचकाला टोचते, टोचायलाच हवी.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने संमत केला. पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. अंमलबजावणी अर्थातच स्थानिक संस्थांकडे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण १९२७ च्या मार्चमध्ये लोकांनी खरोखरच ते पाणी घेतल्यावर त्याच वर्षी ४ ऑगस्टला तो ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तळ्याची ही हकीकत आपल्याला पाठ असते. शाळांचीही गत फारशी निराळी नव्हती, एवढेच आपण विसरतो.

या पार्श्वभूमीवर १९२८ साली सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी सादर केलेले शिक्षणविषयक निवेदन वाचावे. १९२३ चा कायदा रद्द करून स्कूल बोर्डांकडे होणारे हस्तांतरण थांबविले नाही, तर अस्पृश्यांच्या शिक्षणाची मोठी पीछेहाट होईल, असे त्यांनी त्यात बजावले आहे. आदल्याच वर्षी कौन्सिलमध्ये बोलताना, शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोचतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. लोकशाहीचा एवढा मोठा भाष्यकार स्थानिक स्वराज्याच्या एका रूपाला विरोध करतो, याचा अर्थ काय लावायचा? माझ्या मते, सत्ता जवळ आली की न्याय आपोआप जवळ येतो, हे गृहीतकच त्यांना मान्य नव्हते. गाव म्हणजे एकजीव समाज नव्हे. त्यात वेस आहे आणि वेशीबाहेरची वस्तीही आहे.

दुसऱ्या बाजूने, नुसत्या वरच्या हुकमानेही भागत नाही. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावात सरकारी आदेशाच्या बळावर अस्पृश्यांनी आपली मुले शाळेत नेली, तेव्हा सवर्णांनी बहिष्कार टाकला आणि त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतले. हुकूम सचिवालयातून निघतो. विहीर मात्र गावातच असते.

स्वातंत्र्यानंतर १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि १९६२ पासून महाराष्ट्रातील ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. आता मतदान सर्वांचे होते आणि राखीव जागाही होत्या. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने वंचित घटकांतील मुलाशी भेदभाव होऊ न देणे, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये ठरविली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि त्यांत दुर्बल घटकांतील पालकांना त्या प्रमाणात स्थान असावे, असेही त्यात आहे. फुल्यांची मोजदाद आणि आंबेडकरांची शंका, दोन्हींचे काहीसे उत्तर या कलमांत आहे. परंतु ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल घ्या. दिवाळीच्या सुमारास ते गाव सोडते. पटावर त्याचे नाव असते, वर्गात ते नसते. आणि समितीची सभा भरते तेव्हा त्याचे पालक फडावर कोयता चालवीत असतात. त्यांची समितीवरची जागा कायद्याने राखलेली असते, प्रत्यक्षात ती रिकामी असते.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे तर मी म्हणेन : शाळेवर देखरेख होती. मास्तरांना विचारणारी मंडळीही होती; मात्र पडवीतल्या मुलाचे आईबाप त्या मंडळीत नव्हते. पुढच्या वेळी एखाद्या आत्मकथनातले ते पान वर्गात वाचू, तेव्हा आत बसलेल्या मास्तरांबरोबर त्या वर्षीच्या बोर्डावर कोण बसले होते, हेही विचारू. आणि संध्याकाळी घरी जाताना आपल्या गल्लीतल्या शाळेच्या समितीवर कोण बसते आणि कुणाची जागा रिकामी राहते, हेही एकदा पाहू.