परत करावयाचे पुस्तक

ठाण्याचा इतिहास सांगणारा प्रथम किल्ल्याकडे वळतो, आणि ते रास्तच आहे. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला व १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडलेला तो किल्ला पुढे तुरुंग झाला आणि गाव कलेक्टर कचेरीचे, दप्तरांचे, कारकुनांचे बनले. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी येथे आली, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली.

या मुलखातील माणसांच्या सुखाचा इतिहास लिहावयाचा तर मात्र मी १८६४ पासून आरंभ करीन. त्या साली कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघाले. ज्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत, त्याच गावाने ग्रंथांसाठी वर्गणी काढावी, हे मला त्या जुन्या दानांहून उणे वाटत नाही. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांतील विनायक लक्ष्मण भावे, ज्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले, त्या वेळी पुरते बावीस वर्षांचेही नव्हते. ज्या काळी इंग्रजी ग्रंथांवाचून विद्वत्ता नाही असे समजत, त्या काळी त्यांनी मराठी ग्रंथांना स्वतःचे घर दिले.

दिवसभर परक्याच्या हिशेबाचे आकडे मांडून गाडीने परतलेला कारकून, ग्रंथालयाची देवघेवीची खिडकी बंद होण्यापूर्वी जे पुस्तक काखेत मारून घरी आणी, त्याचे रूप मी आजही विसरलो नाही: खाकी कापडाची बांधणी, पहिल्या पानावरचा जांभळा गोल शिक्का, शेवटी तारखांची चिकटवलेली चिठ्ठी, आणि एखाद्या समासात कुणा अनोळखी वाचकाने पेन्सिलीने ओढलेली बारीक रेघ, जिच्यापाशी आपणही क्षणभर थबकावे. ते पुस्तक त्याचे नव्हते. अनामत भरलेली, मुदत ठरलेली. म्हणून ते फडताळात धूळ खात पडत नसे, जेवणे आटोपली की कंदिलापाशी उघडले जाई, एकाने वाचावे आणि घराने ऐकावे. मालकीवाचून मिळणारी इतकी निर्मळ तृप्ती मी दुसऱ्या कोणत्या वस्तूत पाहिलेली नाही.

वाचकहो, आपल्या घरी ग्रंथालयाचे एखादे पुस्तक मुदत टळून राहिले असेल, तर ते उद्याच नेऊन द्या. खिडकीपाशी कोणीतरी त्याचीच चौकशी करीत असेल.