तापमान जाणणारी काच : ठाकुर्लीपासून पडघ्यापर्यंत

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या प्रमाणांपर्यंत आलो होतो. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे, हे अनुमान. आज तोच प्रश्न आपण जरा घराजवळ आणू.

कल्याण परिसराचं विजेशी नातं जुनं. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, आणि पुढे रेल्वेने ठाकुर्लीला चोळ्याचं वीजघर उभारलं. 1999 पासून पडघ्याला चंद्रपूरहून 752 किलोमीटरच्या तारांवरून 500 किलोव्होल्टची एकदिश वीज येते. एवढी वीज हाताळायची म्हणजे अवाढव्य ट्रान्सफॉर्मर आले. त्यांचं दुखणं एकच, आतली उष्णता.

वाइंडिंगवर कागद गुंडाळलेला असतो, भोवती तेल. साध्या कागदाचं वाइंडिंगमधल्या सर्वांत तापलेल्या जागी 98 अंश सेल्सिअस तापमान धरून आयुष्य मोजतात. त्यापुढे दर 6 अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट. म्हणजे 110 अंशांना चौपट! 140 च्या आसपास कागदातल्या ओलाव्याचे बुडबुडे सुटण्याचा धोका, आणि बुडबुडा म्हणजे इन्सुलेशनला भोक.

मग ही जागा मोजायची कशी? तिथे धातूची तार नेणं म्हणजे उच्च दाबाला बाहेरची वाट करून देणं. म्हणून कित्येक दशकं काय केलं, तर वरच्या तेलाचं तापमान घ्यायचं, विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात एक छोटा हीटर तापवायचा, आणि दोन्ही मिळून काटा जे दाखवेल ते वाइंडिंगचं तापमान मानायचं. आमच्या भाषेत हे शुद्ध अनुमान. धूर पाहून अग्नी, तसं तेल पाहून तांबं.

काच वीज वाहत नाही. फायबरच्या टोकाला गॅलियम आर्सेनाइडचा बारीक स्फटिक चिकटवला, की तापमानाप्रमाणे तो वेगळ्या तरंगलांबीपासून प्रकाश शोषू लागतो. परतलेल्या प्रकाशावरून तापमान कळतं. हेही अनुमानच, पण धुराजवळ जाऊन केलेलं. सुरुवातीला हे नाजूक फायबर वाइंडिंग बांधतानाच तुटायचे, ते वेगळं. दुसरी पद्धत रामन परिणामाची. 1928 साली कोलकात्यात सापडलेल्या त्या परिणामावरून 1980 च्या दशकात अख्ख्या फायबरच्या लांबीवर जागोजागचं तापमान वाचता येऊ लागलं.

आता मर्यादा. लोकांना वाटतं, काच हजार अंश सोसते, मग काळजी कसली? काच सोसते हो, अंगरखा सोसत नाही. दूरसंचाराच्या फायबरवरचा ॲक्रिलेटचा लेप साधारण 85 अंशांपर्यंत टिकतो, पॉलिइमाइडचा 300, सोन्याचा 700 च्या आसपास. फायबरमध्ये कोरलेली साधी ब्रॅग जाळी काही शे अंशांपुढे हळूहळू पुसट होते. फायबर शाबूत, पण सांगणारी खूण गेलेली. भट्टीसाठी नीलमण्याचे तंतू वापरतात. नीलम सुमारे 2050 अंशांना वितळतो.

आम्हाला यातली धोक्याची अवस्था ती वाटते, जिथे साधन मरत नाही, नुसतं चुकू लागतं. जळलेला संवेदक निदान गप्प बसतो. भरकटलेला शांतपणे आकडा देत राहतो, आणि आपण तो प्रत्यक्ष समजून वहीत उतरवतो.

26 मे 2016 आणि 23 मे 2024, डोंबिवली एमआयडीसीतल्या स्फोटांच्या या दोन तारखा इथल्या माणसाला सांगाव्या लागत नाहीत. त्यांची कारणं इथे बसून सांगणं आमचं काम नव्हे. पण रासायनिक रिॲक्टरचं तापमान कुणी दाखवलं, तर आम्ही इतकं जरूर विचारू : संवेदक भिंतीला टेकलाय की मिश्रणात आहे, त्याचा लेप कशाचा, आणि शेवटचा ताळा कधी घेतला?