कुलूपबंद अक्षरे

मराठी अक्षरांनाही एके काळी कुलूप होते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान आरंभी संगणकात बसवायच्या कार्डाच्या रूपात आले. पुढे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी डोंगलसह विकली गेली. डोंगल जोडलेले नसेल तर ती चालत नसे. नकलेची धास्ती रास्तच होती. वर्षांच्या श्रमाने घडवलेले फाँट एका फ्लॉपीत मावत.

पण या कुलपाचा जाच प्रामाणिक गिऱ्हाइकालाच अधिक. माणसारख्या दुष्काळी मुलखातल्या छापखान्याने फुकट मिळते म्हणून लिनक्स घ्यावे, तर विंडोजसाठी विकत घेतलेली प्रणाली तेथे निरुपयोगी. शिवाय फाँटागणिक संकेतरचना निराळी; तो फाँट नसेल तर मजकुराच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी दिसे. देवनागरीला सामायिक संकेत देणारे युनिकोड १९९१ सालीच आले होते. व्यवहारात रुळायला मात्र वर्षे गेली.

लिनक्सवर मराठी दिसण्यास रेड हॅटच्या लोहित फाँटांचाही हातभार लागला. ते मुळात मॉड्युलर इन्फोटेकनेच घडवले होते आणि मुक्त परवान्याखाली कोणालाही नकलण्यास खुले होते. कुलूप लावणाऱ्या हातांनीच दार उघडले, हे नोंदवलेच पाहिजे. मात्र त्याआधी जुळवलेल्या पुस्तकांच्या फायली आपण युनिकोडमध्ये आणल्या नाहीत, तर त्या डोंगलबरोबरच मुक्या होतील.