यमीन मोशेची घरे आणि तेथील माणसे

यरुशलाइम पाहावयास जाणारे आपले समाजबांधव माँटेफियोरे यांच्या पवनचक्कीपाशी थांबतातच. तिच्या उतारावर दगडी घरांची जी देखणी व महागडी वस्ती दिसते ती यमीन मोशे. तिचा इतिहास आपण जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

सर मोझेस माँटेफियोरे यांनी १८५७ साली ही चक्की व १८६० साली तटाबाहेरील पहिली यहुदी वस्ती, मिश्केनोत शाआननीम, बांधविली. यमीन मोशे त्यानंतर, १८९०च्या दशकात वसली. १९४८ साली शहर दुभंगले आणि ही वस्ती थेट सरहद्दीवर आली. समोरच्या तटावरून जॉर्डनचे सैनिक गोळ्या झाडीत. तेथे राहिली ती गरीब, नव्याने आलेली कुटुंबे. त्यांत तुर्कस्तानातील यहुदी बरेच होते.

टेडी कोलेक १९६५ ते १९९३ अशी २८ वर्षे शहराचे महापौर होते. १९६७च्या युद्धानंतर सरहद्द गेली. बागा, संग्रहालये व कलावंत यांनी शहराला पुन्हा तेज येईल, अशी कोलेक यांची दृष्टी होती. यमीन मोशेच्या रहिवाशांना मोबदला देऊन हलविण्यात आले. दुरुस्त झालेली घरे कलावंतांकडे व धनिकांकडे गेली. मिश्केनोत १९७३ साली लेखक-कलावंतांचे अतिथिगृह झाले. जुने दगड वाचले, याचे श्रेय कोलेक यांना दिलेच पाहिजे. पण एकोणीस वर्षे गोळीबार सोसणाऱ्यांच्या वाट्याला ती शोभा आली नाही.

१९७७ साली बेगिन सरकारने वस्ती-पुनर्वसनाची योजना जाहीर केली. तिचा रोख निराळा होता: रहिवाशांना न हलविता घरे सुधारावीत आणि त्यांचे मतही घ्यावे.

आज लोद, रामले, अश्दोद येथील जुन्या इमारतींत ‘पिनुई-बिनुई’ची कागदपत्रे फिरत आहेत. घरमालकाला नवे घर मिळते, ही चांगलीच गोष्ट. परंतु उंच इमारतीचा मासिक वाअद म्हाताऱ्या आईवडिलांच्या पेन्शनीत बसेल काय? भाडेकरू कोठे जाणार? बांधकाम लांबले तर मधल्या काळातील भाडे कोण देणार? सही करण्यापूर्वी हे प्रश्न सभेत उभे राहून विचारावेत, उत्तरे लेखी घ्यावीत आणि स्वतःचा वकील पाहावा. हिब्रू कच्चे असलेल्या वडीलधाऱ्यांबरोबर घरातील तरुणांनी अवश्य जावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.