आयर्लंडला जाताय? आधी व्हिसा पाहा

आयर्लंडची सहल बहुधा फसते ती व्हिसापाशी. हा देश युरोपीय संघात असला तरी शेंगेन क्षेत्रात नाही. शेंगेन व्हिसा तेथे निरुपयोगी. उत्तरेकडील जायंट्स कॉजवे तर ब्रिटनच्या हद्दीत. सरहद्दीवर नेहमीची तपासणी नसली तरी व्हिसाची अट आहेच. 'बीआयव्हीएस' शेऱ्याचा व्हिसा भारतीयांना दोन्हीकडे चालतो; मात्र तो देणाऱ्या देशातच प्रथम उतरावे लागते.

डब्लिनला दोन दिवस पुरेत. आयरिश संस्कृती अनुभवायची तर पश्चिम किनारा गाठावा. कॉनेमाराच्या काही भागांत व ॲरन बेटांवर आयरिश भाषा आजही घराघरांत बोलली जाते. क्लेअर परगण्यातील २१४ मीटर उंचीचे मोहेरचे कडे पाहून संध्याकाळी जवळच्या डूलिनमधील पबात फिडल व बासरी ऐकावी. वाहने आपल्यासारखी डावीकडूनच चालतात. खेड्यांतले रस्ते मात्र फार अरुंद आहेत.